दमा : रुग्णालयातील औषधयोजना

दम्याचा तीव्र झटका आलेल्या प्रौढ रुग्णाला रुग्णालयात प्रथम प्राणवायू आणि साल्ब्युटामॉल दिले जाते. रक्तातील प्राणवायूची पातळी ९३ ते ९५ टक्के राखणे हे उद्दिष्ट असते. साल्ब्युटामॉलसाठी नेब्युलायझर हवाच असे नाही. स्पेसर जोडलेला पंपही बहुतेकांना तितकाच उपयोगी पडतो. झटका तीव्र असल्यास इप्राट्रोपियमची जोड दिली जाते. त्यानेही आराम न पडल्यास शिरेतून २ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट दिले जाते.

आकुंचन पावलेला श्वासमार्ग या औषधांनी मोकळा होतो; मूळ दाह मात्र कायम राहतो. त्यासाठी पहिल्या तासातच स्टेरॉइड सुरू करावे लागते. सामान्यतः प्रेडनिसोलोनच्या गोळ्या ५ ते ७ दिवस पुरतात. गिळता येत असेल तर गोळी इंजेक्शनइतकीच परिणामकारक ठरते, जरी सलाइनशिवाय उपचार अपुरे वाटणारे नातेवाईक सर्वत्र भेटतात. जंतुसंसर्गाची स्पष्ट लक्षणे नसताना प्रतिजैविकांची गरज नसते.

खरी कसोटी घरी जाण्याच्या दिवशी लागते. केवळ साल्ब्युटामॉलच्या पंपावर दमा सांभाळणे धोक्याचे असल्याने, १२ वर्षांवरील रुग्णांसाठी तशी शिफारस करणे ‘जीना’ या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञसंस्थेने २०१९ मध्ये थांबवले. दाह शमवणारे ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या २०२२ च्या राष्ट्रीय यादीत आहे. तरीही ‘पंपाची सवय लागते’ या गैरसमजापायी अनेक रुग्ण बरे वाटताच तो सोडून देतात. म्हणूनच घरी पाठवण्यापूर्वी रुग्णाकडून पंप प्रत्यक्ष ओढून घेऊन पद्धत तपासणे आणि आठवडाभरात फेरतपासणीची तारीख देणे, हाही औषधयोजनेचाच भाग मानला जातो.