डेबियन प्रकल्पातील स्वयंसेवक
डेबियन : इयन मर्डॉक यांनी १९९३ च्या ऑगस्टमध्ये घोषित केलेला, स्वयंसेवकांनी चालविलेला मुक्त संगणकप्रणालीचा प्रकल्प. ज्या संस्थेपाशी वेतन नाही, बढती नाही आणि हुकूम सोडण्याचा अखत्यारही नाही, तिने आपले कार्यकर्ते टिकवावेत कसे, या प्रश्नाला प्रकल्पाच्या १९९८ च्या घटनेने मोठे धीट उत्तर दिले आहे : काम करण्याची सक्ती कोणावरही नाही, रीतसर झालेल्या निर्णयांच्या विरुद्ध वागण्यास तेवढा मज्जाव. प्रत्येक पॅकेजचा (प्रणालीतील स्वतंत्र आज्ञावली-घटकाचा) सांभाळ एखाद्या व्यक्तीकडे वा गटाकडे सोपविलेला असून, त्यातून उपजणारा आपलेपणा हेच येथील निष्ठेचे मुख्य अधिष्ठान होय. परंतु तोच आपलेपणा नवागताची वाट अडवितो, आणि थकलेला सांभाळकर्ता राजीनामा न देता नुसताच अबोल होतो, ही तर जुनी तक्रार! म्हणून पॅकेज ‘अनाथ’ ठरवून दुसऱ्याच्या हवाली करण्याचा रिवाज पडला. पूर्ण सभासदत्वाची परीक्षा दीर्घ व कष्टप्रद असल्याने २००७ मध्ये मर्यादित अधिकारांचा मधला दर्जा निर्माण झाला, आणि २०१० च्या मतदानाने भाषांतरादी कामे करणाऱ्यांसही सभासदत्व खुले झाले. प्रकल्पप्रमुख दरसाल मतदानाने निवडला जातो. या स्वयंसेवकांचे डेबकॉन्फ हे वार्षिक संमेलन २०२३ मध्ये कोची येथे भरले होते.