रस्ते बंद होते तेव्हा

चार पुतळ्याजवळ मोर्चा असला की रिक्षावाला अलीकडेच उतरवतो, आणि पिशव्या सांभाळीत आपण कुरकुरत चालू लागतो. मीही कुरकुरते, खोटे कशाला बोलू!

पण भगिनींनो, १९३० साली गांधीजींना अटक झाली नि सोलापूर पेटले. ८ मे रोजी रूपाभवानीजवळ शिंदीची झाडे तोडणाऱ्यांना पकडले, गोळीबार झाला, पोलीस चौक्या जळाल्या. पोलीस गाव सोडून गेले. मग रहदारी कोणी सांभाळली? काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी!

पुढे १२ मे ते ३० जून मार्शल लॉ आला. गांधी टोपी दिसली की शिपाई काढायला लावीत. आमच्या आजेसासूबाई तेव्हा सहा-सात वर्षांच्या. पुरुष बाहेर पडेनात, म्हणून पाण्याला त्यांनाच धाडीत. शिपाई दिसला की त्या भिंतीला चिकटून उभ्या राहत. कळशी मात्र सोडीत नसत.

१२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना फाशी दिली. त्यांचेच हे चार पुतळे.

परवा मी तिथेच पिशव्या खाली ठेवल्या नि मोर्चा जाऊ दिला. मेथी जरा सुकली खरी.