एफ्राईम : प्रभूला आसरा देणारे गाव

प्रायश्चित्तकाळाच्या पाचव्या आठवड्यातील शनिवार भाविकांच्या फारसा लक्षात राहत नाही. दुसऱ्या दिवशी झावळ्यांचा रविवार असतो. त्यामुळे झावळ्या आणण्याची आणि गायनवृंदाच्या सरावाची लगबग चालू असते, आणि सकाळच्या मिस्साला मोजकीच माणसे येतात. त्या दिवशीच्या शुभवर्तमानात संत योहान एका गावाचे नाव घेतो. येशूने लाजरसाला कबरेतून उठविले, ती वार्ता येरुशलेमात पोहोचली आणि त्याला ठार मारण्याचा निर्णय धर्मसभेत झाला. तेव्हा तो लोकांत उघडपणे वावरेनासा झाला आणि अरण्याजवळच्या एफ्राईम नावाच्या गावी शिष्यांसह जाऊन राहिला. वाचन पुढे सरकते आणि गाव मागे पडते.

काही वर्षांपूर्वी अशाच एका शनिवारी मिस्सा संपल्यावर एक वयोवृद्ध बाई साक्रिस्तीच्या दाराशी थांबल्या. त्यांनी विचारले, "फादर, आपल्या देवाला ज्यांनी अशा वेळी घरात घेतलं, ते गाव आता आहे का हो? तिथं माणसं राहतात का?" सेमिनरीत आम्ही बायबलचे रीतसर अध्ययन केले होते, हे वाचन वर्षानुवर्षे वेदीवरून वाचलेही होते. तरी या साध्या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. "बघून सांगतो," एवढेच आम्ही म्हणालो. प्रस्तुत लेख म्हणजे त्या बाईंना द्यावयाचे, उशिरा का होईना, उत्तर आहे.

डोंगराच्या कडेवर

ते गाव आहे. त्याचे आजचे नाव तैबे. येरुशलेमच्या ईशान्येस सुमारे २० किलोमीटरांवर आणि रामल्ला शहरापासून सुमारे १२ किलोमीटरांवर ते वसले आहे. लोकवस्ती साधारण १३००. आपल्याकडील एखाद्या लहान धर्मग्रामाएवढी.

या गावाची कथा समजण्यासाठी प्रथम त्याची जागा समजून घेतली पाहिजे. पॅलेस्टाईनच्या मध्यातून दक्षिणोत्तर डोंगरांचा एक कणा गेला आहे. त्याच्या पश्चिमेस पडणारे पाणी भूमध्य समुद्राकडे जाते, तर पूर्वेस पडणारे यार्देनच्या खोऱ्याकडे. तैबे या कण्याच्या पूर्वेकडील कडेवर, समुद्रसपाटीपासून साडेआठशे मीटरांहून अधिक उंचीवर आहे. तेथून यरीहोपर्यंतच्या विसेक किलोमीटरांत जमीन अकराशे मीटरांहून अधिक खाली उतरते, कारण यरीहो समुद्रसपाटीच्याही खाली आहे. आकाश निरभ्र असेल तर गावातून यार्देनचे खोरे आणि मृत समुद्र दृष्टीस पडतो.

समुद्रावरून येणारे ढग हिवाळ्यात डोंगराच्या पश्चिम उतारावर आणि माथ्यावर पाऊस पाडतात. पूर्वेकडे उतरेपर्यंत त्यांतील पाणी संपलेले असते. म्हणून गावाच्या एका अंगाला दगडी बांध घालून जपलेली जैतुनाची, अंजिराची आणि द्राक्षांची शेती दिसते, तर दुसऱ्या अंगाला उघडेबोडके अरण्य सुरू होते. योहानाने गावाचे वर्णन करताना 'अरण्याजवळचे' हा जो शब्द वापरला आहे, तो आजही तंतोतंत खरा आहे. जुन्या मार्गांची जाण असलेल्या माणसाला येथून एका दिवसात येरुशलेम गाठता येई, आणि पाठलाग झाल्यास काही घटकांत अरण्यात दिसेनासे होता येई.

पवित्र शास्त्रातील खुणा

जुन्या करारात हे गाव ओफ्रा या नावाने येते, असे बहुतेक अभ्यासक मानतात. यहोशवाच्या ग्रंथात बन्यामीन वंशाच्या नगरांत त्याची गणना आहे, आणि शमुवेलाच्या पहिल्या ग्रंथात पलिष्ट्यांची एक टोळी ओफ्राच्या वाटेने गेल्याचा उल्लेख आहे. गिदोनाचे ओफ्रा मात्र वेगळे; नावसाधर्म्यामुळे वाचकांनी गोंधळू नये.

गावाच्या परिसरातही पवित्र शास्त्राची पाने विखुरलेली आहेत. वायव्येस तेल असूर नावाचे, हजार मीटरांहून उंच शिखर आहे. हेच प्राचीन बाल-हासोर. दाविदाचा पुत्र अबशालोम याने मेंढरांची लोकर कातरण्याच्या निमित्ताने भावांना येथे जेवावयास बोलाविले आणि अम्नोनाचा वध करविला. ते ठिकाण एफ्राईमजवळ असल्याचे शमुवेलाचा दुसरा ग्रंथ सांगतो. दक्षिणेस रम्मून हे गाव आहे. शास्त्यांच्या ग्रंथातील रिम्मोनचा खडक तो हाच, असे परंपरा मानते. आपापसांतील युद्धात बन्यामिनाचा वंश जवळजवळ नष्ट झाला, तेव्हा उरलेल्या सहाशे पुरुषांनी त्या खडकाच्या आश्रयाने चार महिने काढले. जीव वाचविण्यासाठी माणसांनी ज्या प्रदेशाकडे धाव घ्यावी, असा हा प्रदेश पूर्वापार होता.

ख्रिस्तपूर्व १४५ च्या सुमारास हा विभाग शोमरोनातून काढून यहुदियाला जोडण्यात आला, अशी नोंद मक्काबींच्या पहिल्या ग्रंथात आहे. तेथे त्याचे नाव अफैरेमा असे दिले आहे. इसवी सन ६९ मध्ये रोमन सेनापती वेस्पासियन याने बेथेल व एफ्राईम ही दोन लहान नगरे घेतल्याचे इतिहासकार योसेफस लिहितो. जॉर्डनमधील मादाबा येथील चर्चच्या फरशीवर सहाव्या शतकात रंगीत दगडांनी पवित्र भूमीचा जो नकाशा घडविला गेला, त्यातही एफ्राईम दाखविले आहे, आणि प्रभू तेथे आला होता अशी नोंद त्याच्या नावासोबत केली आहे. पुढे १८३८ साली एडवर्ड रॉबिन्सन या अमेरिकन विद्वानाने तैबे हेच ते एफ्राईम असावे, असे मत मांडले.

प्रभूने त्या गावी काय केले, हे योहान सांगत नाही. चमत्कार नाही, प्रवचन नाही, कोणा यजमानाचे नावही नाही. परंतु पुढच्या काही ओळींत त्याने एक गोष्ट नोंदविली आहे. येशू कोठे आहे हे कोणाला ठाऊक असल्यास त्याने कळवावे, अशी आज्ञा मुख्य याजक आणि परुशी यांनी काढली होती. ही आज्ञा ध्यानात घेऊन एफ्राईमकडे पाहिले म्हणजे त्या पाहुणचाराचे मोल कळते. लहान गावात अनोळखी पाहुणा लपत नाही. बारा-तेरा माणसांचा मेळा तर नाहीच नाही. तरीही त्या गावातील कोणी येरुशलेमला जाऊन वर्दी दिल्याचे शुभवर्तमानात कोठे आढळत नाही. प्रभू तेथून निघाला तो वल्हांडण सण जवळ आल्यावर, आपण होऊन, क्रूसाच्या वाटेने.

नाव बदलले, गाव राहिले

गावाच्या पूर्व कडेला एका उंचवट्यावर संत जॉर्जच्या चर्चचे भग्नावशेष आहेत. मूळ चर्च बायझंटाईन काळातील. बाराव्या शतकात क्रूसयोद्ध्यांच्या अमदानीत त्याची पुनर्बांधणी झाली. तेथे एकाच दगडात कोरलेले स्नानसंस्काराचे कुंड आहे. ग्रामस्थ या स्थानाला 'अल-खदर' म्हणतात. नवस फेडण्यासाठी तेथे कोकरू कापण्याची आणि त्याच्या रक्ताची खूण दारावर उमटविण्याची जुनी चाल अद्याप टिकून आहे. वल्हांडणाच्या पहिल्या रात्रीची आठवण व्हावी, अशीच ती चाल आहे. अल-खदरविषयी त्या देशातील मुसलमानांनाही आदर वाटतो.

गावाचे नाव कसे पालटले, याविषयी एक आख्यायिका आहे. ११८७ साली सलादीनने हा मुलूख जिंकला. ग्रामस्थांनी त्याचे अगत्याने स्वागत केले. 'अफ्रा' हे गावाचे नाव अरबी कानाला 'इफ्रीत', म्हणजे सैतान, या शब्दासारखे लागे. सलादीन म्हणाला, ही माणसे तर भली आहेत. मग गावाचे नावही 'तैबे', म्हणजे भले, असेच असावे. आख्यायिकेला इतिहासाचा आधार किती, हा प्रश्न वेगळा. मात्र आपले गाव पाहुण्याशी चांगले वागते, ही ग्रामस्थांची स्वतःविषयीची धारणा तिच्यात जतन झाली आहे.

१८८९ साली चार्ल्स द फुको हा फ्रेंच यात्रेकरू या गावावरून गेला. पुढे तो नाझरेथ येथे एका मठाचा चाकर म्हणून राहिला, आणि तेथेच १८९८ साली त्याने 'एफ्राईममधील आठ दिवस' हे मनन लिहिले. क्रूसाकडे निघालेल्या प्रभूसोबत आपणही त्या गावी मुक्कामास आहोत, अशी कल्पना करून त्याने ते आठ दिवस प्रार्थनेत घालविले. १५ मे २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्याला संतपद बहाल केले.

आज गावात तीन ख्रिस्ती समाज नांदतात : लॅटिन म्हणजे आपल्यासारखे रोमन कॅथोलिक, ग्रीक ऑर्थोडॉक्स, आणि मेल्काईट म्हणजे ग्रीक कॅथोलिक. तिघांची तीन चर्चे असली तरी नाताळ तिघेही २५ डिसेंबरला साजरा करतात, आणि पुनरुत्थानाचा सण तिघेही पूर्वेकडील पंचांगाप्रमाणे एकाच दिवशी करतात. एकाच कुटुंबात दोन-दोन पंथांची माणसे असल्यावर आईने एका रविवारी उपास आणि मुलीने त्याच रविवारी सण कसा करावा? विद्वानांच्या परिषदांना जे शतकानुशतके जमले नाही, ते या गावाने आपल्या घरापुरते जमविले आहे.

लॅटिन चर्चच्या आवारात एक जुने दगडी घर जपून ठेवले आहे. त्याला 'दाखल्यांचे घर' म्हणतात. एकच मोठी खोली. तिच्या खालच्या भागात जनावरांसाठी गव्हाणी, वरच्या ओट्यावर कुटुंबाचे राहणे-निजणे, आणि बाजूला धान्याच्या कणग्या. असे घर पाहिले म्हणजे शुभवर्तमानातील कितीतरी दाखले नव्याने उलगडतात. दिवठणीवर ठेवलेला एक दिवा घरातील सर्वांना उजेड देतो, कारण घर म्हणजे एकच खोली. मध्यरात्री भाकर मागावयास आलेल्या मित्राला आतला माणूस म्हणतो, मुले माझ्याजवळ निजली आहेत, मी उठू शकत नाही. ते निमित्त नसते. दार उघडावयाचे तर निजलेल्या मुलांना ओलांडूनच जावे लागते. आणि बेथलेहेमात बाळाला गव्हाणीत ठेवले, ती गव्हाण एखाद्या गरिबाच्या घरातच, माणसांच्या उशापायथ्याशी असेल, असेही वाटू लागते.

आजची परीक्षा

विसाव्या शतकात तैबेवर तुर्क, ब्रिटिश आणि जॉर्डन यांची सत्ता एकामागून एक येऊन गेली. १९६७ च्या युद्धानंतर ते इस्रायलच्या ताब्यात आले. १९७५ साली पश्चिमेस काही अंतरावर 'ओफ्रा' नावाची इस्रायली वसाहत उभी राहिली. प्राचीन गावाचे नाव असे दुसऱ्याच वस्तीला गेले. पुढे १९९५ च्या करारानुसार प्रदेशाचे विभाग पडले. घरे एका विभागात, तर बरीचशी शेतजमीन पूर्णपणे इस्रायली नियंत्रणाखालच्या दुसऱ्या विभागात, अशी गावाची स्थिती झाली.

गाव सोडून जाणारे पूर्वीपासूनच होते. अमेरिका, लॅटिन अमेरिका, जॉर्डन येथे आज तैबेची माणसे गावापेक्षा कितीतरी अधिक संख्येने आहेत. मात्र उलट वाटेने आलेलेही आहेत. ओस्लो करारानंतर शांततेची आशा पालवली, तेव्हा नदीम आणि डेव्हिड खुरी हे दोघे बंधू अमेरिकेतून परतले आणि १९९४ साली त्यांनी गावात बिअरचा लहान कारखाना काढला. पॅलेस्टाईनमधील तो अशा प्रकारचा पहिलाच. धर्मग्रामाने शाळा आणि वृद्धाश्रम चालविला. गावच्या जैतुनाच्या तेलावर जळणारे, कबुतराच्या आकाराचे मातीचे शांतिदीप बनवून ते देशोदेशीच्या चर्चमध्ये पाठविण्याचा उपक्रमही एका धर्मगुरूंच्या पुढाकाराने झाला. हेतू एकच : माणसाला गावातच भाकरी मिळावी.

शेजाऱ्यांशी संबंध नेहमीच सुरळीत राहिले, असे म्हणणे खरे होणार नाही. सप्टेंबर २००५ मध्ये एका कौटुंबिक प्रकरणातून शेजारच्या मुस्लिम गावातील जमावाने तैबेतील काही घरे जाळली. ती जखम खोल होती. परंतु दोन्ही गावांच्या वाटा, पाणी आणि संकटे एकच आहेत.

ऑक्टोबर २०२३ मध्ये गाझाचे युद्ध सुरू झाल्यानंतर वसाहतवाद्यांचा उपद्रव वाढला, आणि अनेकांना स्वतःच्याच जैतुनाच्या बागांत तोडणीसाठी जाणे कठीण झाले. ७ जुलै २०२५ रोजी संत जॉर्जच्या भग्न चर्चलगत, दफनभूमीजवळ आग लागली. ती वसाहतवाद्यांनी लावली, असे ग्रामस्थांचे आणि धर्मगुरूंचे म्हणणे होते. तरुणांनी धावत जाऊन ती विझविली. १४ जुलै रोजी ऑर्थोडॉक्स पॅट्रिआर्क थिओफिलोस तिसरे आणि लॅटिन पॅट्रिआर्क कार्डिनल पिझ्झाबाला हे दोघेही अन्य ख्रिस्ती प्रमुखांसह आणि परदेशी राजदूतांसह गावात आले आणि ग्रामस्थांच्या पाठीशी उभे राहिले. त्याच महिन्याच्या अखेरीस रात्रीच्या वेळी गावातील वाहने जाळली गेली आणि भिंतींवर धमक्या लिहिल्या गेल्या.

वेस्ट बँकमधील संपूर्ण ख्रिस्ती असे हे अखेरचे गाव मानले जाते. चर्चची पडकी भिंत पुन्हा बांधता येते, बाराव्या शतकात ती एकदा बांधलीही गेली. परंतु जे कुटुंब आपले घर बंद करून विमानात बसते, त्याची मुले परत येऊन ते दार उघडतीलच असे नाही. स्नानसंस्काराचे कुंड मग केवळ पाहण्याचा दगड उरते.

दरवर्षी शुभ शुक्रवारी आपल्या सर्व चर्चमध्ये पवित्र भूमीसाठी दान गोळा होते. थाळी समोर आली की आपण काही नाणी, एखादी नोट टाकतो आणि क्रूसाच्या चुंबनासाठी रांगेत उभे राहतो. ते दान कोणासाठी, हे आजवर आम्ही वेदीवरून नीट सांगितले नाही, याची कबुली येथे देतो.

त्या बाई आजही पुढच्या बाकावर बसतात. त्यांना सांगावयाचे ते एवढेच : होय, बाई, ते गाव आहे. तिथे माणसे राहतात. ज्या गावाने आपल्या प्रभूला संकटात आसरा दिला, त्या गावातील लोकांना स्वतःच्या घरात राहणे आज अवघड झाले आहे. येत्या झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या सकाळी एफ्राईमचे नाव वाचताना आम्ही क्षणभर थांबू. तुम्हीही थांबा, आणि त्यांच्यासाठी एक 'आमच्या बापा' म्हणा.