बिगल्सच्या हातांची चुळबुळ

विल्यम अर्ल जॉन्स यांच्या पुस्तकांवर लेखकाचे नाव ‘कॅप्टन डब्ल्यू. ई. जॉन्स’ असे छापलेले असे. ही कॅप्टनकी त्यांनी स्वतःच स्वतःला बहाल केली होती. ब्रिटिश हवाई दलातला त्यांचा खरा हुद्दा फ्लाइंग ऑफिसरचा. त्यांचा गाजलेला नायक बिगल्स एकट्याने चालवायच्या ‘कॅमल’ या लढाऊ विमानातून शत्रूशी झुंजतो. जॉन्स मात्र पहिल्या महायुद्धात दोघांच्या बॉम्बफेकी विमानाचे वैमानिक होते. हुद्दा उसना आणि पराक्रमही दुसऱ्यांचा, तेव्हा या माणसाच्या लेखनाला युद्धाची साक्ष कशी मानायची, हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. पण तो घटनांपुरताच खरा आहे. जॉन्स यांनी स्वतःच्या युद्धातून गोष्टीत आणले ते प्रसंग नव्हेत, तर माणूस किती लवकर संपतो याचे भान.

ते भान कुठून आले, हे त्यांच्या लष्करी सेवेच्या नोंदींतून दिसते. १८९३ साली जन्मलेले जॉन्स आधी गॅलिपोली आणि सॅलोनिका इथे जमिनीवर लढले, १९१७ मध्ये रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये गेले आणि १९१८च्या उन्हाळ्यात ५५ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये दाखल झाले. ही स्क्वाड्रन ‘डीएच-४’ विमाने घेऊन भरदिवसा जर्मन शहरांवर बॉम्ब टाकायला जात असे. जॉन्स तिथे काही आठवडेच टिकले. १६ सप्टेंबर १९१८ रोजी मानहाइमच्या मोहिमेत त्यांचे विमान पाडले गेले. मागे बसलेला निरीक्षक आल्फ्रेड एमी मेला, जॉन्स युद्धकैदी झाले. आता एप्रिल १९३२ मध्ये, ‘पॉप्युलर फ्लाइंग’ या त्यांच्याच संपादनाखालील मासिकाच्या पहिल्या अंकात आलेली बिगल्सची पहिली गोष्ट पाहा. तिथला बिगल्स रुबाबदार वीर नाहीच. अंगाने किरकोळ, डोळे अस्वस्थ, हातांची चुळबुळ न थांबणारी, असे ताणाने पोखरलेले ते पोर आहे. पुढे नायक व्हायच्या पात्राची अशी ओळख निव्वळ साहसकथा रचणारा लेखक करून देत नाही. शिवाय मासिकाचा वाचक विमानांतला जाणकार होता. त्याच्यापुढे खोटी ऐट चालली नसती.

पुढे बिगल्स गुळगुळीत होत गेला, हेही मान्य करायला हवे. नंतरच्या आवृत्त्यांत एका गोष्टीतल्या व्हिस्कीचे चक्क लेमोनेड झाले! वसाहतींतल्या माणसांची चित्रणे तर आज वाचवत नाहीत. ‘काळच तसा होता’ एवढ्या सबबीवर ती सोडून देता येत नाहीत. मात्र तेवढ्यावरून सुरुवातीच्या गोष्टी आणि संपादकीये त्याच मापाने मोजणे चूक ठरेल. १९३०च्या दशकात जॉन्स ब्रिटनच्या अपुऱ्या हवाई तयारीवर आणि हिटलरला चुचकारण्याच्या धोरणावर सातत्याने टीका करत होते. ही भूमिका युद्धखोराची असती, तर त्यांच्या जुन्या गोष्टींतली दमलेली, भेदरलेली पोरे अनाकलनीय ठरली असती. जुनाट विमानात कोवळ्या पोरांना बसवून पाठवले की काय होते, हे त्यांनी पाहिले होते, आणि टीकेचा रोख नेमका त्यावर होता. १९३९ मध्ये त्यांचे संपादकपद गेले. पण लवकरच हवाई दलाच्या महिला शाखेत भरती व्हावी म्हणून वैमानिक तरुणीच्या कथा हव्या झाल्या, तेव्हा हवाई मंत्रालयाला जॉन्स यांचीच लेखणी आठवली. त्यातून ‘वॉरल्स’ ही नायिका जन्मली.