पाचशे वॅटचा उजेड

जुना फोटो पाहताना आपण कॅमेऱ्याचे कौतुक करतो, फार तर फोटोग्राफरचे. दिव्याची आठवण कोणी ठेवत नाही. आज मी त्या दिव्यांविषयी बोलणार आहे, कारण मुंबईच्या उपनगरांशी त्यांचे नाते फार जवळचे आहे.

आरंभी सारा कारभार सूर्यावर चाले. दादासाहेब फाळक्यांचा १९१३चा ‘राजा हरिश्चंद्र’ उन्हाच्या भरवशावर झाला. १९३१ साली ‘आलम आरा’ आला आणि चित्र पालटले. शेजारून जाणाऱ्या आगगाड्यांचा आवाज टाळण्यासाठी त्याचे बरेचसे चित्रण रात्री करावे लागले. म्हणजे चित्रपट बोलू लागला आणि सूर्याला मुकला! बंदिस्त स्टुडिओ आणि विजेचे दिवे मग ओघानेच आले. जुने कार्बनचे आर्क दिवे गुणगुणत. मायक्रोफोनला ते खपेना. टंगस्टनचे बल्ब मात्र मुकाट जळत.

उपनगरांना वीज पुरवणारी बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय कंपनी १९२९ साली स्थापन झाली आणि १९३४ साली मालाडला हिमांशु राय व देविका राणी यांची ‘बॉम्बे टॉकीज’ उभी राहिली. तिथे जोसेफ विर्शिंग हा जर्मन छायालेखक होता. चेहऱ्यावर उजेड किती आणि पाठीमागे अंधार किती, हे त्याचे गणित. १९३९ साली महायुद्ध पेटले आणि इंग्रज सरकारने त्याला स्थानबद्ध केले. पण पुढे १९४९च्या ‘महल’मधल्या सावल्या त्यानेच टिपल्या.

अंधेरीच्या मोहन स्टुडिओत ‘मुगल-ए-आझम’चा शीशमहल उभारला तेव्हा दिवेच शत्रू झाले. प्रत्येक आरशात दिवा दिसू लागला. आरशांवर मेणाचा पातळ थर दिला गेला आणि छायालेखक आर. डी. माथुर यांनी दिव्यांचा झोत सरळ न टाकता कापडांवरून परतवला. १९६० साली लोकांनी पाहिला तो हा परतलेला उजेड.

हीच विद्या छोट्या प्रमाणात रस्त्यावरच्या फोटो स्टुडिओत होती. त्यासाठी ‘फोटोफ्लड’ नावाचा बल्ब मिळे. त्याची तार मुद्दामच पेलेल त्याहून जास्त दाबाने जाळलेली असे. त्यामुळे उजेड लख्ख, पण आयुष्य अल्प. २७५ वॅटचा लहान बल्ब दोन-तीन तास टिके, ५०० वॅटचा सहाएक तास. घरातला साधा बल्ब हजार तास चाले, हे लक्षात घ्या. म्हणून हुशार फोटोग्राफर एक बटण बसवून घेई. बैठक ठरेपर्यंत दोन दिवे एकामागे एक जोडलेले, मिणमिणते. फोटोच्या क्षणी बटण फिरवले की दोन्ही स्वतंत्र, पूर्ण तेजाने. हौशी मंडळी हेच बल्ब घरी लावून बारशाचे, वाढदिवसाचे फोटो काढत.

या उजेडाची किंमत कोणी मोजली? टंगस्टनच्या दिव्यात विजेचा बहुतेक भाग उष्णतेत जातो. चित्रपटाच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रणासाठी पंखे बंद आणि वर छताजवळच्या फळ्यांवर तापलेल्या दिव्याशेजारी तासन्‌तास बसलेले लाइटमन. खाली नायिकेच्या गालावरची चमक ही त्यांच्या हाताची करामत. छायालेखकांना निदान पुरस्कार मिळाले, व्ही. के. मूर्तींना २००८ सालचा फाळके पुरस्कार लाभला. लाइटमनचे नाव पडद्यावर क्वचितच आले, असे मला वाटते.

आता एलईडीने ती उष्णता गेली, हे बरेच झाले. बॉम्बे टॉकीजच्या आवारात छोटे कारखाने थाटले गेले. मोहन स्टुडिओही उरला नाही. तरी एक पुरावा तुमच्या कपाटात असेल. आजी-आजोबांचा स्टुडिओत काढलेला फोटो काढा आणि भिंगातून त्यांचे डोळे पाहा. बुबुळात एक-दोन पांढरे ठिपके दिसतील. तेच ते दिवे. कोणी बटण फिरवले, ते मात्र फोटोच्या पाठीमागे लिहिलेले नसते.