को-ब्रँडेड क्रेडिट कार्ड : स्वागत लाभ

दुकानसाखळी किंवा ऑनलाइन विक्रेत्याच्या नावाने बँक वा कार्ड कंपनी देते ते कार्ड. भारतात ‘अ‍ॅमेझॉन पे आयसीआयसीआय’ (२०१८) व ‘फ्लिपकार्ट अ‍ॅक्सिस’ (२०१९) ही त्याची परिचित उदाहरणे. कार्डावर नाव दुकानाचे असले, तरी उधारी बँकेची असते. नवा ग्राहक मिळवण्यासाठी व्हाउचर, गुण किंवा कॅशबॅक देतात. तो स्वागत लाभ.

अटी : लाभ बहुधा ठरावीक मुदतीतील ठरावीक खर्चावर अवलंबून असतो. इंधन, ईएमआय, वॉलेट भरणा असे व्यवहार त्यातून अनेकदा वगळले जातात. समजा, प्रवेश शुल्क ४९९ रुपये आहे. १८ टक्के जीएसटी धरून ते सुमारे ५८९ होते. मिळालेले ५०० रुपयांचे व्हाउचर किमान २,००० रुपयांच्या खरेदीवर, तेही त्याच साखळीत चालणार असेल, तर पेठ गावच्या ग्राहकाला साखळीच्या नाशिकमधील दुकानापर्यंतचे एसटीभाडेही हिशोबात धरावे लागते. थकबाकीवर दरमहा ३.५ टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के व्याज लागले, की लाभ वाहून जातो. केवळ ‘किमान देय’ भरल्याने व्याज टळत नाही.

नियमन : रिझर्व्ह बँकेच्या १ जुलै २०२२ पासून लागू झालेल्या निर्देशांनी न मागता कार्ड देण्यास मनाई केली, भागीदार दुकानाची भूमिका विपणन व वितरणापुरती ठेवली आणि कार्ड बंद करण्याची विनंती सात कामकाजी दिवसांत न पाळल्यास, खात्यावर थकबाकी नसेल तर, दररोज ५०० रुपये दंड ठरवला.