रोसारियो कास्तेयानोस : भाषेची मालकी कुणाची?

मेक्सिकन कवयित्री, नाटककार, कादंबरीकार आणि सांस्कृतिक कार्यकर्त्या रोसारियो कास्तेयानोस (२५ मे १९२५ - ७ ऑगस्ट १९७४) यांचे स्थान विसाव्या शतकातील स्पॅनिश साहित्यात महत्त्वाचे मानले जाते. जमीन, शिक्षण आणि भाषा ज्यांच्या हाती असते त्यांनाच बोलण्याचा अधिकार का मिळतो, हा प्रश्न त्यांच्या समग्र लेखनाच्या केंद्रस्थानी आहे. मेक्सिकोतील आदिवासी आणि स्त्रिया या दोन्ही समूहांना गप्प ठेवणारी व्यवस्था एकच आहे, हे त्यांनी फार लवकर ओळखले होते.

कास्तेयानोस यांचा जन्म मेक्सिको सिटीत झाला. मात्र त्यांचे बालपण ग्वातेमालाच्या सीमेलगतच्या चियापास प्रांतातील कोमितान या गावी गेले. वडील मोठे जमीनदार होते. त्यांच्या जमिनीवर माया वंशाचे आदिवासी राबत आणि रोसारियो यांचा सांभाळही एका आदिवासी दाईने केला. धाकटा भाऊ बालपणीच दगावला. वंशाचा दिवा गेला आणि मुलगी मागे राहिली, या भावनेची सावली घरावर कायम राहिली. राष्ट्राध्यक्ष लासारो कार्देनास यांच्या कारकिर्दीतील (१९३४-४०) जमीन सुधारणांत कुटुंबाची बरीचशी जमीन गेली आणि १९४१ च्या सुमारास कुटुंब राजधानीत स्थलांतरित झाले.

१९४८ मध्ये आई-वडील अगदी थोड्या अंतराने निवर्तले. त्याच वर्षी त्यांची 'त्रायेक्तोरिया देल पोल्वो' (धुळीची वाटचाल) ही दीर्घ कविता प्रसिद्ध झाली. मेक्सिकोच्या राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे शिक्षण घेताना नाटककार एमिलियो कार्बायीदो, कवयित्री दोलोरेस कास्त्रो, निकाराग्वाचे कवी एर्नेस्तो कार्देनाल यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला. स्त्रियांची स्वतंत्र संस्कृती अस्तित्वात आहे काय, हा त्यांच्या १९५० मधील पदव्युत्तर प्रबंधाचा विषय होता. मेक्सिकोतील स्त्रियांना राष्ट्रीय निवडणुकीत मतदानाचा हक्क त्यानंतर तीन वर्षांनी, म्हणजे १९५३ मध्ये मिळाला, हे लक्षात घेतले म्हणजे या प्रश्नाचे धाडस कळते.

माद्रिद येथील वर्षभराच्या अध्ययनानंतर त्या चियापासला परतल्या आणि तुस्तला गुतिएर्रेस येथील विज्ञान व कला संस्थेत सांस्कृतिक उपक्रमांचे काम पाहू लागल्या. क्षयरोगामुळे त्यात खंड पडला. पुढे १९५६ ते १९५८ या काळात त्यांनी सान क्रिस्तोबाल दे लास कासास येथे राष्ट्रीय आदिवासी संस्थेच्या केंद्रात काम केले. केंद्राचे 'पेतुल' नावाचे बाहुलीनाट्य पथक होते. हातात घालून नाचवायच्या बाहुल्यांचे हे प्रयोग डोंगराळ वस्त्यांवर होत. लसीकरण, स्वच्छता, दारूचे दुष्परिणाम, शाळेचे महत्त्व हे त्यांचे विषय. कास्तेयानोस संहिता स्पॅनिशमध्ये लिहीत, तर आदिवासी कलाकार ती त्सोत्सिल व त्सेल्ताल भाषांत सादर करीत. वारशाने आलेली जमीनही त्यांनी आदिवासींना देऊन टाकली.

तथापि या कार्याला दुसरी बाजूही होती. आदिवासींना स्पॅनिशभाषक राष्ट्रजीवनात सामावून घेणे हे तत्कालीन सरकारी धोरण होते आणि पेतुल हे त्या धोरणाचेच साधन होते. सद्भावनेने दिलेली भाषाही लादलेली ठरू शकते, याची जाणीव त्यांच्या कथात्म लेखनातून वारंवार प्रकटते. 'बालून कानान' (१९५७) या कादंबरीत कायद्याची पूर्तता म्हणून जमीनदार मळ्यावर शाळा काढतो. पण शिक्षक म्हणून आणलेल्या पुतण्याला मुलांची भाषाच येत नाही. या कादंबरीचा मोठा भाग सात वर्षांच्या मुलीच्या तोंडून येतो. 'ओफिसियो दे तिनिएब्लास' (१९६२) या कादंबरीत त्यांनी एकोणिसाव्या शतकातील चामुला आदिवासींचा उठाव कार्देनास यांच्या काळात आणून त्याची मांडणी केली.

१९६१ ते १९६६ या काळात त्यांनी राष्ट्रीय विद्यापीठाच्या माहिती व प्रसिद्धी विभागाचे संचालकपद भूषविले. 'एक्सेल्सिओर' या दैनिकातील त्यांचे सदर लोकप्रिय होते. २ ऑक्टोबर १९६८ रोजी त्लातेलोल्को चौकात विद्यार्थ्यांवर झालेल्या गोळीबारावरील त्यांची कविता एलेना पोनियातोव्स्का यांच्या १९७१ मधील प्रसिद्ध ग्रंथात समाविष्ट आहे. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष लुईस एचेवेर्रिया यांनी त्यांची इस्रायलमध्ये राजदूत म्हणून नियुक्ती केली. गोळीबाराच्या वेळी एचेवेर्रिया हेच गृहमंत्री होते. सत्तेला प्रश्न विचारणाऱ्या लेखिकेने सत्तेचे पद स्वीकारले, ही विसंगती त्यांच्या चरित्रातून वगळता येत नाही.

१९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या समग्र कवितासंग्रहाला त्यांनी 'कविता म्हणजे तू नव्हेस' अशा अर्थाचे शीर्षक दिले. प्रेयसीलाच कविता ठरविणारा स्पॅनिश कवी बेकेर याला ते उत्तर होते. स्त्री ही कवितेचा विषय नव्हे तर कर्ती आहे, हा त्यामागील आशय. हीच भूमिका 'एल एतेर्नो फेमेनिनो' या प्रहसनात हास्याच्या अंगाने येते. केशभूषा केंद्रात केस वाळविण्याच्या यंत्राखाली बसलेल्या नववधूला त्या यंत्राला जोडलेल्या एका उपकरणामुळे स्वप्ने पडू लागतात. त्यांत तिला स्वतःचे भविष्य दिसते आणि मालिंचे, सोर हुआना यांच्यासारख्या इतिहासातील स्त्रिया पाठ्यपुस्तकांपेक्षा निराळी हकिगत सांगू लागतात.

हे नाटक पुस्तकरूपात पाहण्याचे भाग्य मात्र लेखिकेला लाभले नाही. तेल अवीव येथील निवासस्थानी दिव्यातून विजेचा धक्का बसून वयाच्या ४९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. नाटक १९७५ मध्ये प्रकाशित झाले. मेक्सिको सिटीत राष्ट्रातील थोर व्यक्तींसाठी राखून ठेवलेल्या दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले. तेव्हा त्या स्थळाचे अधिकृत नाव 'थोर पुरुषांचे वर्तुळ' असे होते. ते बदलून 'थोर व्यक्तींचे वर्तुळ' असे करण्यात आले ते बऱ्याच वर्षांनी. भाषेची मालकी कुणाची, या त्यांच्या प्रश्नाची प्रस्तुतता त्या नावातही दिसून येते.